भंगारातला बॅन्जो: जुन्या फोर्डचा मागचा ॲक्सल सोडवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान १९२८ ते १९४८ या काळातल्या अमेरिकन फोर्ड मोटारींच्या मागच्या ॲक्सलपुरतं आहे. ट्रकचे जड ॲक्सल, शेवरले, डॉज यांचा विचार इथे केलेला नाही. गाडीखाली कधी शिरला नसाल तरी समजेल अशा बेताने लिहिलं आहे. मात्र पाना हातात घेणाऱ्याने त्या त्या वर्षाचं शॉप मॅन्युअल शेजारी ठेवावंच.

बॅन्जो ॲक्सल म्हणजे नेमकं काय?

मध्यभागी एक गोल हौसिंग असतं. त्यात क्राउन-पिनियन (शाफ्टचा फेरा चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा). हौसिंगच्या दोन्ही अंगांना, चाकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या दोन नळ्या बोल्टने आवळलेल्या असतात. त्यांना बेल म्हणतात. हौसिंगमधून पुढे एक लांब नळी निघते, ती टॉर्क ट्यूब. ड्राइव्ह शाफ्ट तिच्या पोटात फिरतो आणि तिचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोलाकार सांध्यात बसतं. गोल पोट आणि लांब मान, म्हणून बॅन्जो.

हेन्री फोर्ड यांनी आडवा पाटा (पोलादी पानांची स्प्रिंग) शेवटपर्यंत सोडला नाही. १९४८ पर्यंत त्यांच्या मोटारींना पुढे एक आणि मागे एक असे आडवेच पाटे होते. १९४९ च्या मॉडेलमध्ये टॉर्क ट्यूब गेली, उघडा शाफ्ट आला, मागे दोन उभे पाटे आले. बॅन्जोची गोष्ट तिथे संपते.

पारंपरिक हॉट रॉडला हाच ॲक्सल कशाला हवा? नवा, मजबूत का नको?

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी १९३० आणि १९४० च्या दशकात स्वस्तातल्या जुन्या फोर्ड घेतल्या, त्यांचे मडगार्ड काढून टाकले, इंजिन फुगवली आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवली. वेगासाठी अशा बदललेल्या जुन्या गाड्या म्हणजेच हॉट रॉड. या शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ मधली. त्या पोरांकडे पैसे नव्हते. सुटे भाग भंगारातून यायचे, आणि फोर्डने वर्षानुवर्षं मांडणी फारशी न बदलल्यामुळे नंतरच्या वर्षाचा चांगला भाग आधीच्या वर्षाच्या गाडीवर थोड्या खटपटीत बसायचा. १९३९ चा गिअरबॉक्स, १९४० चे ब्रेक, असं करत गाडी उभी राहायची.

आज ‘पारंपरिक’ म्हणवणारी गाडी त्याच नियमाने बांधतात: त्या काळात जे मिळत होतं तेच वापरायचं. शिवाय मडगार्ड नसलेल्या रोडस्टरच्या (उघड्या गाडीच्या) मागे उभं राहिलं की पहिलं दिसतं ते ॲक्सलचं पोट. वरून १९३२ ची गाडी आणि खाली १९८० चा ॲक्सल ही फसवणूक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही. मजबुतीचं म्हणाल तर हो, नवा ॲक्सल जास्त सोसतो. पण मजबुती हा एकच निकष असता तर ही गाडी बांधायलाच कोणी घेतली नसती.

असे ॲक्सल आज कुठे सापडतात?

मोटारींच्या भंगार यार्डात आता क्वचितच. दुसऱ्या महायुद्धात लोखंड गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये बऱ्याच जुन्या गाड्या वितळल्या, उरलेल्या पुढच्या दशकांत गेल्या.

खरी जागा म्हणजे शेत. अमेरिकेतल्या शेतकऱ्याने जुनी फोर्ड बंद पडल्यावर तिचा मागचा ॲक्सल काढून त्यावर फळ्या ठोकल्या आणि ट्रेलर केला. गवताच्या गाड्या, लाकडं वाहण्याच्या गाड्या, करवतीच्या यंत्राची बैठक, सगळीकडे हा ॲक्सल लागला. युद्धाच्या काळात ट्रॅक्टर मिळेना तेव्हा फोर्डच्या मॉडेल ए (१९२८ ते १९३१) आणि त्याआधीच्या मॉडेल टी कापून घरगुती ट्रॅक्टर बनवले गेले. त्यांना ‘डूडलबग’ म्हणत. मॉडेल ए च्या डूडलबगखालीही हाच माल असतो. शेताच्या कडेला झुडपांत रुतलेला, टायर फुटलेला ट्रेलर दिसला तर खाली वाकून बघा. आणि आधी मालकाला विचारा; परक्याच्या रानात न विचारता वाकलेला माणूस तिथे कोणालाच आवडत नाही.

दुसरी जागा सुट्या भागांचे बाजार. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ऑक्टोबरमधला बाजार, कॅलिफोर्नियातले पोमोना आणि टरलॉकचे बाजार ही नावं या छंदात सगळ्यांना ठाऊक आहेत. पहाटे बॅटरी घेऊन फिरणाऱ्यांना चांगला माल मिळतो, दुपारी घरी निघालेल्या विक्रेत्याकडे स्वस्त माल मिळतो. जड माल परत लादायचा कंटाळा हा खरेदीदाराचा सगळ्यात चांगला मित्र.

ट्रेलरखालचा ॲक्सल घ्यावा का?

घ्यावा, पण तो कसा जगला याचा अंदाज घेऊन. ट्रेलरखाली ॲक्सल नुसता ओढला जातो. क्राउन-पिनियनवर इंजिनाचा जोर येत नाही, त्यामुळे दात कधीकधी आश्चर्य वाटावं इतके चांगले निघतात. उलट चाकाच्या बेअरिंगना कोणी वंगण दिलेलं नसतं आणि वजन दुप्पट लादलेलं असतं. शेतकऱ्याने टॉर्क ट्यूब हौसिंगपासून वीतभर ठेवून गॅस कटरने कापलेली असते, पाट्याचे हँगर उडवलेले असतात आणि बेलवर जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. कापलेली ट्यूब चालते, ती दुसरी मिळते. बेलवर ठिकठिकाणी वेल्डिंग असेल तर उष्णतेने बेल वाकलेली असण्याची शक्यता धरूनच भाव करा.

समोर पडलेला ॲक्सल कोणत्या वर्षाचा, हे कसं ओळखायचं?

चाकाच्या बोल्टांपासून सुरुवात करा. मॉडेल ए पासून पाच बोल्टांचं वर्तुळ साडेपाच इंच व्यासाचं. १९३६ ते १९३९ मध्ये मात्र ते सव्वादहा इंचांचं झालं. बोल्ट थेट ड्रमच्या कडेजवळ, मधे चाक जवळजवळ नाहीच. याला ‘वाइड फाइव्ह’ म्हणतात. १९४० मध्ये फोर्ड पुन्हा साडेपाचवर आली आणि १९४८ पर्यंत तिथेच राहिली.

मग ब्रेक बघा. १९३९ पासून हायड्रॉलिक, त्याआधी सळ्यांनी ओढले जाणारे यांत्रिक. ब्रेकच्या पाठीच्या पत्र्याला पाइप जोडायची जागा आहे की खटक्याचा दांडा, एवढ्याने काळ निम्मा होतो. पण सावध: ब्रेक आणि ड्रम बदलून लावणं ही हॉट रॉडवाल्यांची जुनी खोड. १९३६ च्या बेलवर १९४० चे ड्रम हा अगदी नेहमीचा जोड, त्यामुळे ड्रमवरून काढलेलं वर्ष ॲक्सलचं असेलच असं नाही.

तिसरी खूण पाट्याची. मॉडेल ए मध्ये आडवा पाटा ॲक्सलच्या डोक्यावर बसतो. १९३५ पासूनच्या गाड्यांत तो ॲक्सलच्या मागे सरकलेला असतो. १९४२ ते १९४८ चे ॲक्सल आधीच्यांपेक्षा थोडे रुंद. अरुंद जुन्या बॉडीखाली ते लावले तर चाकं बाहेर डोकावतात. मडगार्ड नसेल तर हे चालूनही जातं.

मॉडेल ए चा ॲक्सल दिसायला देखणा आहे, पण तो ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी केलेला. आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनाच्या मागे १९३५ नंतरचाच बघावा.

विकत घेण्याआधी जागेवर काय तपासावं?

बहुतेक जण क्राउन-पिनियन बघतात. माझ्या मते ते शेवटी बघावं, कारण क्राउन-पिनियनची नवी जोडी विकत मिळते. ॲक्सल शाफ्ट (बेलच्या आतून जाऊन चाक फिरवणारे दांडे) नवे मिळतात. बेअरिंग, सील, गॅस्केट सगळं मिळतं. पैसे द्यायचे ते बेल आणि हौसिंग यांचे.

त्यातही बेलचं बाहेरचं टोक. जुन्या फोर्डच्या रचनेत चाकाचं रोलर बेअरिंग हबच्या (चाक-ड्रमच्या मधल्या भागाच्या) आत बसतं आणि त्याचे रोलर थेट बेलच्या टणक केलेल्या टोकावर फिरतात. मधे वेगळी रेस (रोलर फिरण्याची कडी) नाही. म्हणजे बेअरिंग सुकलं, की झिजतं ते बेलचं टोकच. ड्रम काढता येत असेल तर त्या टोकावर नख फिरवा. गुळगुळीत, एकसारखं करडं असेल तर उत्तम. रोलरांच्या लांबीचे चर पडले असतील, खवले उडाले असतील, निळसर भाजल्याची झाक असेल, तर टोक कापून नवं तासलेलं टोक वेल्ड करावं लागेल. ते काम होतं, पण बेल सरळ ठेवून वेल्ड करणारा कारागीर लागतो आणि तो स्वस्त नसतो. ड्रमच्या आत रोलर जिथे टेकतात तो भागही असाच तपासा.

ड्रम निघत नसेल तर निदान चाक धरून वर-खाली हलवा. खूप खडखडलं तर बेलचं टोक गेलं असं समजून भाव करा.

पुढे ॲक्सल शाफ्टची टोकं. ती निमुळती, म्हणजे टेपर असतात, चावीला (हब आणि शाफ्ट यांच्यामध्ये बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याला) खाच असते आणि वर नट. आटे हातोडीने चेपले आहेत का, चावीची खाच रुंदावली आहे का ते बघा. हौसिंगचा खालचा प्लग सोडू दिला तर सोडा. काळं घट्ट तेल आलं तर आनंद. दुधट गाळ आला तर पाणी शिरलंय, बेअरिंग सगळी नवी धरा. काहीच आलं नाही तर बोट घालून बघा: आतून कोरडा गंज म्हणजे क्राउन-पिनियन गेलंच. सगळ्यात शेवटी पिनियन हाताने फिरवा. जड पण एकसारखं फिरलं पाहिजे. एका ठरावीक जागी अडखळत असेल तर दात तुटलेला असतो किंवा तुटलेला तुकडा मधे फिरत असतो.

नुकताच रंगवलेला, स्वच्छ ॲक्सल घ्यावा की तेलकट चिखलाने माखलेला?

चिखलाचा. ऐंशी वर्षांचं तेल आणि धूळ यांचा थर हा फुकटचा गंजरोधक आहे, आणि त्याखाली भेग बुजवून ठेवायला कोणी गेलेलं नसतं. चकचकीत काळ्या रंगाखाली काय आहे ते फक्त रंगवणाऱ्याला माहीत.

गिअर रेशो न उघडता कसा मोजायचा? कोणता चांगला?

रेशो म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे. एका बाजूचं चाक पक्कं अडवा. दुसरं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात पिनियनचे किती फेरे होतात ते मोजा. तेवढा रेशो. (दोन्ही चाकं मोकळी असतील तर डिफरन्शियल तुम्हाला भलतंच उत्तर देईल.) साडेतीनच्या किंचित पुढे थांबलं तर ३.५४, पावणेचारपाशी ३.७८, चारच्या थोडं पुढे ४.११. हे तीन नेहमी सापडतात. उघडल्यावर दात मोजून खात्री होते: ३९ ला ११, ३४ ला ९ आणि ३७ ला ९.

निवड रस्त्यावर ठरते. २८ इंच व्यासाचं मागचं टायर ताशी ६० मैलांना मिनिटाला सुमारे ७२० फेरे घेतं. ३.५४ ला इंजिन २,५५० च्या आसपास फिरेल, ३.७८ ला २,७२०, ४.११ ला २,९६०. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा जास्तीचा वरचा गिअर) नसलेल्या तीन गिअरच्या बॉक्सवर हा फरक कानाला जाणवतो. शहरात आणि सिग्नल ते सिग्नल मजा करायची असेल तर ४.११, हायवेवरून मेळाव्याला जायचं असेल तर ३.५४. मला विचाराल तर ३.७८ असलेला धड ॲक्सल हाती असताना केवळ रेशोसाठी वाईट बेलचा ३.५४ घेऊ नये.

हब टेपरवरून निघतच नाही. काय करू?

इथे सगळ्यात जास्त माल खराब होतो, म्हणून सविस्तर.

टेपर आणि हब अनेक दशकं एकमेकांना चिकटून असतात. पहिली चूक होते ती ड्रमच्या कडेला तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) लावण्याची. ड्रम वाकतो, पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं आणि हब मात्र जागचा हलत नाही. या फोर्डसाठी हबच्या बाहेरच्या गळ्याला धरणारा खास पुलर मिळतो. तोच घ्या, भाड्याने घ्या, कोणाकडून मागून आणा.

क्रम असा. स्प्लिट पिन काढा. नट सोडा, पण पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाच्या पातळीत ठेवा. यामुळे आटे वाचतात आणि हब सुटला तर तोफगोळ्यासारखा अंगावर येत नाही. पुलर लावून घट्ट आवळा. मग हबला बाजूने एक-दोन ठोके, पुलरच्या बोल्टावर एक ठोका, पुन्हा थोडं आवळा. नाही निघाला तर भेदक तेल सोडा, पुलर ताणलेलाच ठेवा आणि झोपायला जा. रात्रीत ‘टण्ण’ असा आवाज येऊन हब सुटल्याचे किस्से खूप ऐकायला मिळतात आणि ते खरे असतात.

शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव घालू नका. तो धक्का सरळ आत डिफरन्शियलपर्यंत पोहोचतो. हब लालबुंद तापवूही नका. हलकी ऊब पुरे. तेल लावलेलं असताना गॅसची ज्योत आणायची नाही हे वेगळं सांगायला नको.

ॲक्सल शाफ्ट बाहेर का येत नाही? हब तर काढला.

येणारच नाही. या शाफ्टच्या आतल्या टोकाला डिफरन्शियलचा बाजूचा गिअर एकाच तुकड्यात घडवलेला आहे. नट सोडला, शाफ्ट ओढला, असं नंतरच्या गाड्यांतलं सुख इथे नाही. बेल सोडायची, डिफरन्शियलचं पिंजऱ्यासकट पोट बाहेर काढायचं, पिंजरा उघडायचा, मग शाफ्ट हातात.

बेल सोडताना तिच्या आणि हौसिंगच्या मधली कागदी गॅस्केट फेकू नका, चिंध्या झाल्या असल्या तरी. कोणत्या बाजूची, किती थर, एकूण जाडी किती, हे लिहून ठेवा. या ॲक्सलमध्ये डिफरन्शियलच्या बेअरिंगवरचा दाब गॅस्केटच्या एकूण जाडीवर ठरतो, आणि क्राउन-पिनियनमधला प्ले (दातांमधली मोकळीक) डावी-उजवीकडे ती जाडी कशी वाटली यावर. जुनी मोजमापं असली तर नव्या जोडणीची सुरुवात कुठून करायची ते कळतं. नसली तर सगळा खेळ शून्यापासून.

क्राउन आणि पिनियन ही जोडी आहे. दोन ॲक्सल उघडून एकाचं क्राउन, दुसऱ्याचं पिनियन असा संसार लावला तर तो आयुष्यभर रडतो.

गंज कसा काढायचा?

हौसिंग आणि बेल यांच्यासाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी आणि बॅटरी चार्जर ही जुनी युक्ती चांगली. भाग ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून काम उघड्यावर करा. ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा भाग या टाकीत घालायचा नाही. पाट्याची पानं ॲसिडमध्ये बुडवू नका; टणक पोलाद ॲसिडमधला हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि पुढे एखाद्या खड्ड्यात तडकतं. वाळूचा मारा करायचा असेल तर बेलची टोकं आणि बेअरिंगच्या जागा आधी नीट झाकून घ्या. आत राहिलेला वाळूचा एक कण नव्या बेअरिंगला पुरतो.

ब्रेक ड्रममधली धूळ हवेने उडवली तर चालेल?

नाही. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ओली करा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बंद करा. तोंडावर योग्य मास्क हवाच.

भेगा कशा शोधायच्या?

पोलादी भाग चुंबकीय कण-तपासणीला द्या. इंजिनची कामं करणाऱ्या बहुतेक वर्कशॉपात ती सोय असते. शाफ्टवर टेपर संपतो तिथे आणि चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात भेग आधी पडते. या रचनेत चाक शाफ्टच्या टेपरला धरून असतं. शाफ्ट तुटला तर चाक ड्रमसकट गाडीला सोडून जातं. म्हणून जुने शाफ्ट डोळ्यांनी बघून परत घालणं मला पटत नाही. तपासा, नाहीतर नवे घ्या. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी रंगद्रव्य मुरवून करायची तपासणी.

परत जोडताना टेपर कोरडा आणि स्वच्छ ठेवा, तेल-ग्रीस लावू नका. जोर टेपरच्या घट्ट बसण्याने पेलायचा असतो, चावी फक्त मदतनीस. नट मॅन्युअलमधल्या मापाने आवळा, थोडं चालवून पुन्हा तपासा, स्प्लिट पिन नवी घाला.

टॉर्क ट्यूब ठेवावी की उघडा शाफ्ट करावा?

यावर लोक रात्रभर भांडतात. आधी ट्यूब काय करते ते बघू. इंजिन चाकं पुढे फिरवतं तेव्हा ॲक्सलचं हौसिंग उलट्या दिशेला पिळलं जायला बघतं. ट्यूब ती पीळ अडवते आणि चाकांचा रेटा गिअरबॉक्समार्फत गाडीला देते. बाजूच्या दोन रेडियस रॉड (ॲक्सलपासून पुढे जाणाऱ्या तिरक्या दांड्या) ॲक्सल चौकोनात ठेवतात. सगळं एका बिंदूभोवती वर-खाली होतं, कुठेही ओढाताण नाही. हेन्री फोर्ड यांच्या हट्टातली ही मांडणी प्रत्यक्षात फार सुटसुटीत आहे.

अडचण लांबीची. मॉडेल ए ची चाकांमधली लांबी १०३.५ इंच, १९३२ ची १०६, १९३५ ते १९४० ची ११२, त्यानंतरची ११४. म्हणजे १९४० चा ॲक्सल मॉडेल ए खाली घालायचा तर ट्यूब आणि आतला शाफ्ट दोन्ही कापून आखूड करावे लागतात. किती, ते गिअरबॉक्सवर अवलंबून. चेसिसवर सगळं मांडून मोजा, कागदावरची वजाबाकी धरू नका. लेथवाला चांगला असेल तर हे एका दिवसाचं काम आहे. फोर्डचा जुना तीन गिअरचा बॉक्स वापरणार असाल तर मी ट्यूबच ठेवीन.

नंतरच्या काळातला गिअरबॉक्स घालायचा तर उघडा शाफ्ट लागतो. त्याचे किट मिळतात. पण किट लावून, रेडियस रॉड दोन्हीकडे चेसिसला बांधून मोकळं होणारे लोक पीळ विसरतात. दोन लांब रॉड गाडीच्या दोन कडांना बांधले, की एक चाक वर आणि दुसरं खाली जाताना दोन्ही बाजू वेगवेगळ्या कमानीत फिरायला बघतात, आणि मधला ॲक्सल काही पिळला जाणारा नाही. मग रॉडच्या बैठका तडकतात. रॉडची पुढची टोकं मध्याजवळ आणा किंवा रबरी बुश असलेले सांधे घ्या, आणि ट्यूबचं काम करणारा स्वतंत्र टॉर्क आर्म लावा.

क्विक-चेंजची एवढी किंमत कशासाठी?

टेड हॅलिब्रँड यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत रेसिंगचे भाग बनवायला घेतले. मॅग्नेशियमची चाकं आणि क्विक-चेंज ॲक्सल ही त्यांची ओळख. त्यात फोर्डच्या बेल तशाच ठेवून मधलं पोट बदलतात. शाफ्ट पोटाखालून थेट मागे जातो, तिथे झाकणाआड दोन सरळ दातांचे गिअर असतात, आणि त्यातून जोर पुन्हा पुढे पिनियनला मिळतो. तेल काढा, झाकण उघडा, गिअरची जोडी बदला, रेशो बदलला. तीच जोडी वर-खाली अदलाबदल केली तर आणखी एक रेशो फुकट. ट्रॅकनुसार रेशो बदलणाऱ्या शर्यतवाल्यांना हे वरदान होतं. रस्त्यावरच्या गाडीला त्याची गरज नाही, पण मागून दिसतो फार छान. चालताना कण्हतो. काहींना त्या आवाजासाठीच तो हवा असतो.

जुनं मॅग्नेशियम घेताना जपा. ओलीत पडलेल्या पोटाला पांढरी पूड सुटते आणि धातू आतून खाल्लेला असतो. रस्त्यावर रोज चालवायचा असेल तर आज बनणारा नवा क्विक-चेंज घेण्यात कमीपणा नाही. पेनसिल्व्हेनियातली विंटर्स कंपनी ते बनवते.

कोलंबिया सापडला, घेऊ का?

पूर्ण असेल तर हो. क्लीव्हलंडच्या कोलंबिया कंपनीचा हा दोन वेगांचा ॲक्सल त्या काळी फोर्डवर जास्तीचे पैसे देऊन मिळायचा. व्हॅक्यूमने चालतो आणि इंजिनाचे फेरे सुमारे २८ टक्क्यांनी उतरवतो. वरच्या हिशोबातले २,७२० फेरे १,९६० वर येतात. पण नियंत्रणाचे छोटे भाग हरवलेले असतील तर ते जमवण्यात वर्षं जातात. ‘थोडंसंच कमी आहे’ म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात दूर.

बॅन्जो किती ताकद सोसतो?

१९३२ चं व्ही-८ इंजिन ६५ हॉर्सपॉवरचं होतं, १९४८ चं १००. सजवलेल्या फ्लॅटहेडच्या (म्हणजे फोर्डच्या याच जुन्या व्ही-८ च्या) मागे धड बांधलेला बॅन्जो निवांत चालतो. १९४९ नंतरच्या ओव्हरहेड व्हॉल्व्ह व्ही-८ मागेही तो अनेकांनी चालवला आहे, अरुंद टायर लावून. अरुंद टायर आधी घसरतं, तोच फ्यूज. रुंद, चिकट टायर लावून क्लच धाडकन सोडला की शाफ्ट किंवा चावीची खाच जाते.

तसंच चालवायचं असेल तर फोर्डचा नऊ इंची ॲक्सल बघा. तो १९५७ च्या मॉडेलपासून आला, म्हणजे १९५० च्या दशकाच्या शेवटच्या धाटणीची गाडी असेल तर काळालाही धरून आहे. १९४८ ची म्हणवणाऱ्या गाडीखाली मात्र नको.

तेल कोणतं?

बॅन्जोमधलं क्राउन-पिनियन स्पायरल बेव्हल प्रकारचं आहे, हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेलं) नाही. त्यामुळे हायपॉइडसाठीचं आधुनिक जीएल-५ दर्जाचं तेल लागत नाही; जाड, १४० ग्रेडचं गिअर ऑइल पुरतं. भरण्याच्या भोकाच्या पातळीला थांबा. ‘थोडं जास्त असू दे’ म्हणून ओतलेलं तेल बेलमधून वाहत जाऊन ब्रेकच्या लायनिंगवर पोहोचतं.

महाराष्ट्रात असा ॲक्सल मिळेल का? इथे हॉट रॉड बांधता येईल?

या काळातल्या अमेरिकन मोटारी इथे आल्या होत्याच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जोडणी सुरू केली, फोर्डची भारतीय कंपनी त्याआधी दोन वर्षांची. पण जीपला बॅन्जो समजून घेऊ नका. जीपचे ॲक्सल उघड्या शाफ्टचे, वेगळ्या जातीचे.

बांधण्याचं म्हणाल तर थांबा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या विंटेज नोंदणीच्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. इथे शिल्लक राहिलेली एखादी जुनी फोर्ड कापून हॉट रॉड करणं कायद्यालाही परवडणारं नाही आणि मला तरी बघवणार नाही. अमेरिकेत त्या लाखोंनी बनल्या; इथे उरलेल्या जशा आहेत तशाच दुरुस्त व्हाव्यात. त्या कामाला वर लिहिलेलं हब, गॅस्केट आणि बेलचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

सगळं जोडलं, पहिला गिअर टाकला, गाडी मागे गेली. आता?

क्राउन पिनियनच्या चुकीच्या अंगाला बसलंय. आता तुमच्याकडे तीन रिव्हर्स आणि एक पुढचा गिअर आहे. गिअरबॉक्स उघडू नका, त्याचा काही दोष नाही. ॲक्सल खाली घ्या, बेल सोडा, क्राउन पलीकडच्या अंगाला करा आणि गॅस्केटची वाटणी पुन्हा पहिल्यापासून मोजा. पुढच्या वेळी पाटा लावण्याआधी बाकावरच पिनियन हाताने फिरवून शाफ्ट कुठल्या दिशेला फिरतात ते बघून घ्या.